हिरवा पडदा आणि पत्र्याची डबी: अमिगा ५०० मध्ये ५१२ केबीचा बोर्ड बसवताना

प्रश्न असा आहे: काकांनी १९८९ मध्ये जर्मनीहून आणलेला अमिगा ५०० हा कमोडोर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला. चालू केल्यावर हातात फ्लॉपी धरलेलं चित्र दिसतं, म्हणजे मशीन जिवंत आहे. बरेच गेम १ एमबी मेमरी मागतात, म्हणून ५१२ केबीचा नवा एक्स्पान्शन बोर्ड मागवला. मशीनच्या पोटाखालच्या झाकणात आधी पत्र्याच्या डबीतला एक जुना बोर्ड होता, तो काढून नवा बसवला, तर पडदा हिरवागार होऊन तिथेच थांबतो. नवा बोर्ड काढला की पुन्हा हात दिसतो. बोर्ड खराब आला का? आणि मदरबोर्डवरचा जंपर (दोन बिंदू जोडणारा छोटा जोड) कापून ही मेमरी ‘चिप रॅम’, म्हणजे चित्र-आवाजाच्या चिप्सनाही वापरता येणारी मेमरी, करावी, असं वाचनात आलं आहे, तर करावं का?

नवा बोर्ड खराब असूही शकतो, पण माझा पहिला संशय त्याच्यावर नाही. तुम्ही जाता जाता ‘पत्र्याच्या डबीतला जुना बोर्ड’ म्हणालात ना, मला त्या डबीत काय आहे ते आधी बघायचं आहे. तो बहुधा कमोडोरचाच ए५०१ असणार. त्यावर २५६ किलोबिटच्या १६ मेमरी चिप्स, म्हणजे ५१२ केबी, शिवाय एक घड्याळाची चिप, आणि मशीन बंद असताना ते घड्याळ चालावं म्हणून ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ही बॅटरी बोर्डवर थेट सोल्डर केलेली असते आणि पस्तीसेक वर्षांत ती पाझरते. ‘पाझरू शकते’ असं मी मुद्दामच म्हणत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या अशा डब्यांपैकी आतून पूर्ण कोरडी निघालेली एकही मला आठवत नाही. वरचा पत्रा चकचकीत असतो, म्हणून लोक फसतात. तो पत्रा काही जागी सोल्डरच्या टाक्यांनी धरलेला असतो. टाके सोडवून डबी उघडा. आत निळसर-हिरवी पूड, काळे पडलेले ट्रॅक आणि मासळीसारखा किंचित वास आला, तर आपलं निदान अर्धं झालं.

तोवर एक करा. नवा बोर्ड बसवून मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. ‘या वेळी कदाचित होईल’ म्हणून दहा वेळा बटण दाबणारे लोक मी बघितलेत, आणि अकराव्या वेळी काय होतं तेही.

पॉवर सप्लायबद्दल दोन शब्द. या मशीनला स्वतःचं बटण नसतं, ते त्या जड विटेवर असतं. जर्मनीची वीट २२० ते २४० व्होल्टची, त्यामुळे आपल्याकडे चालते. ज्यांच्याकडे अमेरिकेतून आलेलं मशीन आहे त्यांनी मात्र विटेमागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नये. मी एकदा नव्या उत्साहात ११० व्होल्टची वीट घरच्या सॉकेटला लावली होती. ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा तो वास दोन दिवस पडद्यांना येत होता. तुमची वीट सुरक्षित असली तरी तीही वयस्कर आहेच. मशीन चालू असताना ५ व्होल्टच्या लाइनवर मीटर लावून बघा. ४.९ ते ५.१ च्या मध्ये असेल तर पुढे जा. ४.७ दिसत असेल, तर बोर्डाला दोष देण्याआधी विटेचं बघा, कारण जास्तीच्या मेमरीने त्या लाइनवरचा भार थोडा का होईना वाढणार आहे.

आता हिरवा पडदा. चालू होताना अमिगा स्वतःची तपासणी करतो आणि कुठे अडलं ते रंगाने सांगतो. लाल म्हणजे रॉमची (मशीनमधल्या कायमच्या प्रोग्रॅमच्या चिपची) बेरीज जुळली नाही, निळा म्हणजे चित्र-आवाज सांभाळणाऱ्या कस्टम चिप्समध्ये गडबड, पिवळा म्हणजे प्रोसेसरला अनपेक्षित काहीतरी भेटलं. हिरवा म्हणजे चिप रॅममध्ये दोष. इथे तुम्ही विचाराल, की चिप रॅम तर मदरबोर्डवर आहे आणि बोर्ड काढला की ती ठणठणीत चालते, मग दोष तिचा कसा?

दोष तिचा नाहीच. खालच्या झाकणातली मेमरी प्रोसेसरच्या स्वतंत्र वाटेवर बसत नाही. मदरबोर्डवरची ५१२ केबी आणि झाकणातली ५१२ केबी एकाच डेटा बसवर, म्हणजे डेटा ये-जा करणाऱ्या सामाईक तारांवर, असतात, दोघींना वेळोवेळी ताजंतवानं ठेवण्याचं काम अ‍ॅग्नस नावाची एकच चिप करते, आणि कोणाची पाळी ते ठरवणारी एखादीच लाइन वेगळी असते. चाळीत एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसं. झाकणातल्या बोर्डाला ५ व्होल्ट किंवा ग्राउंड नीट पोहोचलं नाही, पण डेटाच्या पिना मात्र टेकल्या, तर त्या अर्धवट जाग्या चिप्स बसवरच्या लाइन खाली ओढून धरतात. मग अ‍ॅग्नस मदरबोर्डवरच्या रॅममध्ये लिहिते एक आणि वाचताना मिळतं भलतंच. मशीनच्या दृष्टीने चिप रॅम नापास, आणि पडदा हिरवा. म्हणून हिरव्या पडद्याचा पहिला अर्थ ‘मदरबोर्डवरची चिप बदला’ असा घेऊ नका. बोर्ड काढल्यावर मशीन चालतं, ही खूण तुमच्या बाजूची आहे.

अर्धवट संपर्क का होतो, तर पुन्हा त्या डबीकडे या. बॅटरीतून गळणारा द्रव अल्कधर्मी असतो आणि तो एका जागी बसत नाही. ट्रॅकवरून, सोल्डरवरून, दोन धातूंच्या फटीतून रांगत जातो. त्याच्या वाटेवर तो ५६ पिनांचा कनेक्टर आहे. बोर्डाची सॉकेटची बाजू तुम्ही काढून ठेवलीत, पण तिच्यात वर्षानुवर्षं रुतलेल्या पिना मशीनमध्येच राहिल्या. मशीन उलटं करून मऊ कापडावर ठेवा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि त्या दोन रांगा बघा. चांगली पिन चमकते. खराब पिन राखाडी, खडबडीत, किंवा मुळाशी हिरवट असते. दोन पिनांच्या मध्ये कापसासारखी पूड अडकलेली असली तर ती शॉर्टही करू शकते.

साफसफाईला घाई नको. पॉवरची पिन काढलेली, बाकी सगळ्या केबल काढलेल्या. अल्कधर्मी गंजाला सौम्य आम्ल लागतं, म्हणून पांढरं व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तेच, पण साधं, मिरची घातलेलं नको. हसू नका, एकदा माझ्याकडे तेही आलं होतं. लिंबाचा रस वापरू नका, त्यातला चिकटपणा मागे राहतो. जुन्या टूथब्रशचे केस आखूड कापून घ्या, व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला करा आणि पिना मुळापासून टोकाकडे घासा. ओघळ मशीनच्या आत जाता कामा नये. पाच मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या ब्रशने व्हिनेगर काढा, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढा. शेवटची पायरी लोक टाळतात आणि व्हिनेगरचं आम्ल आत ठेवून झाकण लावतात. म्हणजे चोर बाहेर काढला आणि दरोडेखोर आत घेतला. एक रात्र पंख्याखाली राहू द्या, पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर दोन. एवढं करूनही पिन खडबडीत राहिली, तर फायबरग्लासच्या पेनने हलक्या हाताने खरवडा. पॉलिश पेपर नको, त्याने पिनेवरचा मुलामाच निघून जातो आणि सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा इथेच.

पिनांच्या मुळाशी हिरवं दिसलं, तर मशीन उघडावंच लागेल, कारण गंज मदरबोर्डच्या सोल्डरपर्यंत गेलेला असू शकतो. खालचे स्क्रू काढा, मागच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खाचा हळू सोडवा (या वयाचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं), कीबोर्डची केबल निघते तेव्हा ती कोणत्या दिशेने होती त्याचा फोटो घ्या, मग पत्र्याची ढाल काढा. काळवंडलेला टाका दिसला की त्यावर फ्लक्स लावून जुनं सोल्डर काढा आणि नवं भरा. गंजलेल्या टाक्यावर नवं सोल्डर नुसतं गोळा होऊन बसतं, पसरत नाही. ते पसरेपर्यंत साफ करत राहा. ट्रॅक तुटला आहे का, ते मीटरच्या बीपवर तपासा. तुटला असेल तर बारीक वायरचा पूल टाका. दिसायला ओंगळ दिसतं, पण चालतं.

पिनांमधले शॉर्ट तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कनेक्टरवर ग्राउंडच्या आणि ५ व्होल्टच्या एकाहून जास्त पिना आहेत, त्यामुळे काही शेजारी मुळातच एकमेकांशी जोडलेले असतात आणि बीप देतात. प्रत्येक बीपला घाबरू नका. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात मात्र बीप आला, तर चालू करायचं नाही.

बोर्ड बसवणं हे सगळ्यात सोपं काम, आणि तिथेच दुसरी चूक होते. बोर्ड वरून दाबून बसत नाही. तिरका आत घालून, सॉकेट पिनांच्या समोर आणून, आडवा ढकलायचा असतो. झाकणाच्या भोकातून पिना नीट दिसत नाहीत, म्हणून लोक अंदाजाने ढकलतात, आणि सॉकेट एक पिन डावीकडे किंवा उजवीकडे सरकून बसतो. बसतो छान, घट्ट, अगदी समाधान वाटेल असा! म्हणून ढकलण्याआधी दोन्ही टोकांना बघा, एकही पिन बाहेर मोकळी राहायला नको. शेवटी सॉकेट पिनांच्या मुळापर्यंत गेला पाहिजे. नव्या बोर्डांना जुन्यासारखी पत्र्याची डबी नसते, ते उघडेच येतात, त्यामुळे त्यांच्या पाठीवरची सोल्डरची टोकं आतल्या पत्र्याला टेकू शकतात. मी मध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या जुन्या पारदर्शक शीटचा तुकडा ठेवतो. जाड, कोरडं प्लॅस्टिक कोणतंही चालेल. पुठ्ठा नको, तो ओल धरतो.

दर वेळी बोर्ड काढताना-घालताना पॉवर बंद करून अर्धा मिनिट थांबा. हे सांगणं बालिश वाटेल, पण चालू मशीनमध्ये जॉयस्टिक किंवा प्रिंटरची केबल खुपसून पोर्ट सांभाळणाऱ्या चिप्स गमावलेले जाणते लोक कमी नाहीत.

एवढं करून चालू करा. माझा अंदाज आहे, तुम्हाला हात दिसेल. नाही दिसला आणि पडदा हिरवाच राहिला, तर आता नव्या बोर्डाची पाळी. चालू स्थितीत, मीटरची टोकं घसरू न देता, बोर्डवरच्या एखाद्या मेमरी चिपच्या पॉवरच्या पायांवर व्होल्टेज मोजा. ४.७५ च्या खाली असेल, तर संपर्क अजून खराब आहे. ५ च्या जवळ असेल, तर प्रत्येक चिपला बोट लावा. एखादी बाकीच्यांपेक्षा चटका देण्याइतकी तापत असेल तर ती गेली. सगळ्या सारख्याच कोमट असतील आणि तरी हिरवा, तर बोर्ड विक्रेत्याकडे परत पाठवा. त्याच्यावर अडाणी हाताने सोल्डर चालवून हमी घालवू नका.

हात दिसला म्हणजे काम झालं असं नाही. मेमरी मोजली गेली का, ते बघायचं. वर्कबेंचची (अमिगाच्या डेस्कटॉपची) फ्लॉपी लावून सीएलआयच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, खिडकीत ‘अव्हेल’ (avail) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. चिप, फास्ट आणि खाली एकूण अशा ओळी येतील, आणि फास्टच्या ओळीत जास्तीत जास्त आकडा सव्वापाच लाख बाइटच्या आसपास दिसला पाहिजे. ५१२ केबी म्हणजे ५,२४,२८८ बाइट. शून्य असेल, तर बोर्डवर मेमरी बंद करणारा स्विच किंवा जंपर आहे का ते शोधा. जुने काही गेम ५१२ केबीपेक्षा जास्त मेमरी पाहून गडबडत, म्हणून तो स्विच देत असत. नव्या बोर्डांवरही तो बऱ्याचदा असतो आणि येताना बंद असतो. किती तास वाया घालवलेत लोकांनी त्या स्विचपायी!

मग मेमरी टेस्टचा एखादा प्रोग्रॅम लावून दोन तास मशीन चालू ठेवा. गार असताना पास होणारी आणि तापल्यावर नापास होणारी चिप मे महिन्यात नागपुरात लगेच उघडी पडते, महाबळेश्वरात कदाचित कधीच नाही. मध्येच लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ (मशीन कोलमडल्याचा अमिगाचा संदेश) चमकलं, तर मशीन थंड करून पुन्हा बघा. पुन्हा तापल्यावरच येत असेल तर बोर्डवर संशय पक्का.

आता जंपरचा प्रश्न. ‘अव्हेल’ने तुमची नवी मेमरी फास्ट म्हणून दाखवली असली, तरी ती खरी फास्ट, म्हणजे प्रोसेसरला न थांबता वापरता येणारी, नाही. हौशी लोक तिला ‘स्लो रॅम’ म्हणतात. प्रोसेसर ती वापरू शकतो, पण ती चिप रॅमच्याच बसवर असल्याने कस्टम चिप्स चित्र आणि आवाजात गुंतल्या की प्रोसेसरला तिथेही थांबावं लागतं. आणि कस्टम चिप्स मात्र तिला हात लावू शकत नाहीत. म्हणजे दोन्हीकडची वाईट बाजू तिच्या वाट्याला आली. जंपर बदलून तीच मेमरी चिप रॅम केली की चित्रं आणि आवाजही तिथे ठेवता येतात.

हा फरक मी शिकलो तो लग्नाच्या व्हिडिओमुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका व्हिडिओवाल्याकडे अमिगा ५०० आणि जेनलॉक (कॉम्प्युटरचं चित्र व्हिडिओवर चढवणारं यंत्र) होता. वधूवरांची नावं, ‘शुभविवाह’, वर गणपती, असं सगळं चित्र म्हणून काढून तो कॅसेटवर टाकायचा. त्याने पैसे खर्चून ५१२ केबी वाढवली आणि तक्रार केली की तिसरं चित्र अजूनही मावत नाही. मी कागदावर गणित केलं. ६४० बाय ५१२ चं १६ रंगांचं एक चित्र म्हणजे १६० केबी. दोन चित्रं ३२० केबी, वर वर्कबेंच आणि प्रोग्रॅमची स्वतःची गरज. चित्रं फक्त चिप रॅममध्ये मावतात आणि चिप रॅम ५१२च राहिली होती. त्याची नवी मेमरी रिकामी पडून होती, बिचारी.

त्याला जंपरची गरज होती. तुम्हाला गेम खेळायचे आहेत, आणि १ एमबी मागणाऱ्या त्या काळच्या बहुतेक गेमना स्लो रॅम चालते, कारण तेव्हा सगळ्यांकडे तीच असायची. म्हणून माझं उत्तर आहे, सध्या नको. पुढे करावंसं वाटलंच, तर आधी मदरबोर्डवरची आवृत्ती आणि अ‍ॅग्नसवरचा क्रमांक वाचा. अ‍ॅग्नस ८३७२ए असेल तर ती १ एमबी चिप रॅम ओळखते. ८३७० किंवा ८३७१ असेल, तर जंपर कितीही कापले तरी उपयोग नाही, आधी ती चिप बदलावी लागेल. ६ए आवृत्तीच्या मदरबोर्डवर जेपी२ या जंपरमधला जोड एका बाजूने तोडून दुसऱ्या बाजूला द्यायचा आणि जेपी७ए तोडायचा, एवढंच काम आहे. त्याहून जुन्या मदरबोर्डवर पद्धत वेगळी, तिथे ६एच्या सूचना डोळे झाकून वापरू नका. आणि अ‍ॅग्नस काढावी लागली तर तिच्यासाठीचा चिमटाच वापरा. ती ८४ पायांची चौकोनी चिप स्क्रूड्रायव्हरने उचकटताना सॉकेटचा कोपरा तुटतो आणि मग सगळं सॉकेट बदलण्याचं दिवसभराचं काम निघतं.

घड्याळाचं म्हणाल तर नव्या बोर्डवर बहुधा नाण्याच्या आकाराच्या सेलची जागा असेल. सेल घातलात तर ‘डेट’ने तारीख द्या आणि ‘सेटक्लॉक सेव्ह’ने ती घड्याळात ठेवा. न घातलात तरी गेम चालायचे थांबत नाहीत. मी माझ्या तीनपैकी दोन मशीनमध्ये सेल घातलेलाच नाही.

राहिली जुनी डबी. ती फेकू नका, पण आहे तशीही ठेवू नका. बॅटरी आजच कापून काढा, तिच्या पायांखालचं सगळं व्हिनेगरने धुवा, आणि बॅटरी ई-कचऱ्यात द्या. तिच्यात कॅडमियम आहे, ओल्या कचऱ्यात जायची ती वस्तू नाही. तिथे परत बॅटरी बसवायची असेल, तर एक गोष्ट सांभाळा. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि नाण्याचा सेल चार्ज करून चालत नाही, म्हणून मध्ये उलटा प्रवाह अडवणारा डायोड घातल्याशिवाय तो सेल लावू नका. ट्रॅक वाचले असतील तर त्या १६ चिप्सपैकी बऱ्याच अजून चांगल्या निघतील, आणि कधी तुमच्या मदरबोर्डवरची रॅम खरोखरच गेली, तर त्यांचाच उपयोग होऊ शकतो. मदरबोर्डवरही त्याच प्रकारच्या १६ चिप्स आहेत की मोठ्या ४, ते उघडाल तेव्हा बघून ठेवा.